चौसष्टपैकी चौसष्ट

"चौसष्टपैकी चौसष्ट. सगळे हजर."

हा आवाज नेन्यांचा. आमच्या रिगवरचे रेडिओ ऑपरेटर. तरुणपणी पुण्यात नाटकांतून कामं केलेली, त्यामुळं भोंग्यावरून "आज जेवणात कोंबडी आहे" एवढं सांगतानाही सिंहासनावरून बोलताहेत असं वाटायचं. आधी इंग्रजीत, मग हिंदीत, आणि शेवटी आम्हा दहा-बारा मराठी माणसांसाठी घरच्या भाषेत. नेने जाऊन आता नऊ वर्षं झाली, पण त्यांचा आवाज माझ्याकडं मुक्कामाला राहिला आहे. कधी जेवताना, कधी लेकीला क्लासला सोडून परत येताना तो कानाशी येतो आणि माझा घास, माझं पाऊल जागच्या जागी थांबतं. कारण त्या दुपारी आम्ही त्रेसष्टच होतो. आणि हे ठाऊक असलेला माणूस त्या लोखंडी बेटावर मी एकटा होतो.

त्या शनिवारी सकाळी राघो तांडेलांनी नेहमीसारखा माझा गाल तपासला. बोटांची पाठ कानापासून हनुवटीपर्यंत फिरवली आणि जबड्याच्या कोपऱ्यात थांबवली.

"जयवंता, इथली लावणी उपटायची राहिली हाय."

"काका, घाईत राहिलं. पाच केस असतील."

"पाच केसांच्या फटीतनं एक श्वास आत येतो. तेवढा पुरतो. जा, करून ये."

बाकीचे हसले. सुभान शेख आपला गुळगुळीत गाल पुढं करत म्हणाला, "काका, तुमच्यापायी सासूनं मला ओळखलं नाही. लेकीला विचारते, जावई बदलून आणला काय?"

"जिवंत जावई आणला म्हणावं," काका म्हणाले आणि त्याचाही गाल तपासला.

आमची रिग मुंबईपासून हेलिकॉप्टरनं तासाभराच्या अंतरावर, भर समुद्रात तीन पायांवर उभी होती. विहीर खोदून झाली होती. खोदणारे मागं सरले होते आणि आता आमची, टेस्टिंगवाल्यांची पाळी होती. विहीर थोडी थोडी उघडायची, खालून काय येतं ते पाहायचं, एका मोठ्या टाकीत तेल, वायू, पाणी वेगळं करायचं, मोजायचं, आणि उरलेलं समुद्रावर लांब काढलेल्या लोखंडी हाताच्या टोकाशी जाळून टाकायचं. ती ज्वाळा रात्रंदिवस घोंघावत असे. काका टेस्टिंगचे मुख्य, मी त्यांचा मदतनीस. वय सव्वीस. कंत्राटावर होतो. कायम नोकरीची ऑर्डर पुढच्या महिन्यात निघणार होती.

या विहिरीच्या पोटात विष होतं. सडक्या अंड्याच्या वासाचा वायू. म्हणून रोजची दाढी. गालावर केस असले की तोंडावरचा मास्क नीट बसत नाही. प्रत्येकाच्या कमरेला मास्क आणि हवेची एक छोटी बाटली. दहा मिनिटांची हवा, पळून जाण्यापुरती.

पहिल्या दिवशीच काकांनी मला वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पिशवीखाली उभं केलं होतं. "वास येतो तोवर भ्यायचं नाय. नाक अजून आपलं हाय. पण वास येता येता एकदम बंद झाला ना, तर हवा साफ झाली असं समजू नको. तो वायू आधी नाक मारतो. मग माणूस."

मी त्यानंतर कितीतरी दिवस झोपेतून उठून आपला हात हुंगायचो. साबणाचा वास आला की परत झोप लागायची.

काकांचं नाक तर सगळ्या रिगवर प्रसिद्ध होतं. डहाणूकडचे ते. बाप, आजा, सगळे होडीवरचे. वारा जमिनीकडून आला की मान वर करून म्हणायचे, "आमच्याकडं बोंबील वलांडीवर चढले." एवढ्या समुद्रातून कुठला वास यायला! पण ते डोळे मिटून उभे राहिले की मलासुद्धा दोरीवर टांगलेले ते बोंबील दिसायचे.

आता त्या कार्डांविषयी सांगायला हवं.

जीवरक्षक बोटीपाशी एक फळा असायचा. त्यावर त्या बोटीच्या प्रत्येक माणसाच्या नावाचं कार्ड, एका बाजूनं लाल, दुसऱ्या बाजूनं पांढरं. भोंगा वाजला की जिथं असाल तिथून धावत यायचं आणि आपलं कार्ड लालचं पांढरं करायचं. फळ्यावर लाल उरलं तर तो माणूस मागं राहिला, मग त्याला शोधायला हवेच्या मोठ्या टाक्या पाठीवर घेऊन चौघं जायचे. दर शनिवारी चार वाजता याची तालीम व्हायची. चार वाजता म्हणजे ऐन आंघोळीच्या नाहीतर झोपेच्या वेळी. मग कुणी कुणाला सांगायचं, माझंही फिरव रे, आलोच.

काकांना हे खपत नसे. सुभाननं एकदा मित्राचं कार्ड फिरवलं, ते त्यांनी पाहिलं. ओरडले नाहीत. त्याला फळ्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, "माझी आई खाडीवर उभी राहून होड्या मोजायची. दुसरीची होडी कुणी मोजून देत नसे तिथं. ऐक." आणि आपल्या जाड्याभरड्या आवाजात चक्क गायले:

"होड्या मोजते मी बाई, उभी खाडीच्या काठाला,
एक जरी झाली उणी, पाणी शिवंना ओठाला."

ओवी म्हणजे काय, हे सुभानला ठाऊक नसेल. पण त्याची मान खाली गेली. मला माझी आई आठवली. तीसुद्धा जात्यावर बसली की सासर-माहेरची माणसं अशीच एकेका ओवीत मोजून घ्यायची.

त्याआधीच्या शनिवारी आमची दोन नंबरची बोट सगळ्यांत शेवटी भरली होती. शिक्षा म्हणून रात्रीचा सिनेमा रद्द झाला. बोटीचा प्रमुख लॉरेन्स, क्रेन चालवणारा, आठवडाभर सगळ्यांच्या शिव्या खात होता. "ह्या वेळी जो लेट येईल त्याला मी स्वतः पाण्यात टाकीन," असं त्यानं नाश्त्यालाच सांगून ठेवलं होतं.

आणि भोंगा वाजला पावणेचारला.

मी आणि काका टाकीपाशी होतो. मी नमुन्याच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावत होतो, काका वर एका नळीकडं बघत होते. भोंगा ऐकून मी हसलो. "आज पंधरा मिनिटं आधीच. आपल्याला पकडायला बघताहेत."

काका हसले नाहीत. त्यांनी मान वर केली, बोंबलांसाठी करायचे तशी.

"पुढं हो," ते म्हणाले. "एवढा व्हॉल्व बंद करून आलोच."

"काका, लॉरेन्स…"

"आलो म्हणतो ना. पळ."

मी पळालो. जिना चढताना क्षणभर नाकात काहीतरी आलं. आणि गेलं. गेलं, याचा मला आनंद झाला. काकांनी पहिल्या दिवशी सांगितलेलं तेव्हा आठवलंसुद्धा नाही.

बोटीपाशी झुंबड उडाली होती. केशरी कपडे, केशरी टोप्या. लॉरेन्स घड्याळ हातात धरून ओरडत होता, "जल्दी, जल्दी! एक नंबर भर रही है!" मी फळ्यापाशी पोचलो. माझं कार्ड पांढरं केलं. त्याच्या खालचं कार्ड आर. तांडेल. लाल. मागून जिन्यावर पावलं वाजत होती. मला वाटलं, काकाच. दोन पावलांचा तर प्रश्न. मी ते फिरवलं.

एका बोटाचं काम. इतकं हलकं.

पावलं सुभानची निघाली. त्यानं आपलं कार्ड फिरवलं, लॉरेन्सनं फळ्यावर नजर टाकली आणि हातातल्या रेडिओवर "बोट दोन, तीसपैकी तीस" म्हणून मोकळा झाला. डोकी मोजायचाही नियम होता. पण त्याच क्षणी भोंग्यावर नेने बोलले आणि कुणाला कसलं भान राहिलं नाही.

"ही तालीम नाही. पुन्हा सांगतो, ही तालीम नाही. टेस्टिंगच्या डेकवर विषारी वायू आहे. मास्क चढवा."

तीस माणसांनी एकदम कमरेला हात घातला. रबराचे पट्टे ओढल्याचा आवाज झाला आणि मग सगळ्यांचे चेहरे नाहीसे झाले. उरले ते काचेमागचे डोळे आणि श्वासांचे आवाज. घुसमटलेल्या जनावरांच्या गोठ्यात उभं असल्यासारखं वाटत होतं. कोण कुठला, ओळखता येत नव्हतं. मी एकेका माणसाच्या उंचीकडं, खांद्याकडं पाहत सुटलो. काका बुटके, उजवा खांदा थोडा खाली. हा नाही. हा नाही. हाही नाही.

तेव्हा तो आवाज आला.

"चौसष्टपैकी चौसष्ट. सगळे हजर."

सगळ्यांचे खांदे सैल झाले. कुणीतरी छातीशी हात नेऊन क्रूसाची खूण केली. सुभाननं माझ्या पाठीवर थाप मारली. मी घड्याळात पाहिलं. तीन वाजून एकोणपन्नास मिनिटं.

जिन्याच्या तोंडाशी कुणी नव्हतं. मी म्हटलं, येतील. व्हॉल्व जरा घट्ट असेल. काकांच्या कमरेला बाटली आहे, दहा मिनिटांची हवा आहे. वाऱ्याची पिशवी आमच्याकडून टाकीच्या दिशेनं ताठ झाली होती, म्हणजे आम्ही सुरक्षित होतो. सगळा वायू तिकडं.

पन्नास. एक्कावन्न.

फळ्यावरची कार्डं वाऱ्यानं हलत होती. तीस पांढरी कार्डं. त्यातलं एक माझ्या बोटानं पांढरं झालेलं. मी बोलायचं ठरवलं, हात मास्ककडं नेला, आणि परत खाली घेतला. दुसऱ्याचं कार्ड फिरवल्याची शिक्षा ठाऊक होती: पुढच्या हेलिकॉप्टरनं घरी, पुन्हा रिगचं तोंड पाहायचं नाही. घरी आईनं गावभर सांगितलं होतं, माझा जयवंत पर्मनंट होणार. हे एक. पण खरं सांगायचं तर याच्याही खाली आणखी एक भीती बसली होती, आणि तीच माझी जीभ धरून होती. मी बोललो तर ते म्हणतील, शेवटचा त्याच्याबरोबर तू होतास, कुठं आहे दाखव. चल आमच्याबरोबर.

बावन्न. त्रेपन्न.

मास्कमध्ये माझा श्वास मलाच ऐकू येत होता. प्रत्येक श्वासाबरोबर वाटायचं, हा मी त्यांच्या बाटलीतला घेतोय. चोपन्न. समुद्रावरची ज्वाळा विझली होती. महिनाभर घोंघावणारा तो आवाज थांबला होता आणि त्या शांततेत खालचं पाणी लोखंडी पायांवर आपटताना ऐकू यायला लागलं. मला ती ओवी ऐकू येऊ लागली. गात कुणी नव्हतं. एक जरी झाली उणी.

पंचावन्न.

छप्पन्नला मी मास्क वर केला. "लॉरेन्स, तांडेलकाका नाहीत."

त्यानं माझा मास्क दणकन खाली बसवला आणि आपला किंचित उचलून फळ्याकडं बोट केलं. "पागल है क्या? व्हाइट है."

मी पुन्हा वर केला. "ते नाहीत! टाकीपाशी आहेत! मोज, माणसं मोज!"

त्यानं मोजली. बोट नाचवत, ओठ हलवत. एकोणतीसवर त्याचं बोट थांबलं. त्या काचेमागचे त्याचे डोळे अजून विसरलो नाही.

"फिर कार्ड किसने पलटा?"

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

थोड्या वेळानं नेने पुन्हा बोलले. या वेळी नाटक नव्हतं. "दुरुस्ती," ते म्हणाले. "चौसष्टपैकी त्रेसष्ट."

चौघं हवेच्या मोठ्या टाक्या घेऊन गेले. मला कुणी 'चल' म्हटलं नाही. ज्या भीतीपायी सात मिनिटं गप्प बसलो, ती गोष्ट घडलीच नाही.

काका टाकीच्या पायथ्याशी पालथे सापडले. व्हॉल्व बंद होता, गळती थांबली होती, आणि त्यांच्या बाटलीचा काटा शून्यावर होता. त्यांना स्ट्रेचरवरून हेलिकॉप्टरकडं नेताना मी बाजूनं चालत होतो. तोंड निळंकाळं झालेलं. गाल मात्र गुळगुळीत, सकाळीच दाढी केलेला.

पाचव्या दिवशी मुंबईच्या दवाखान्यात त्यांनी धड बोलायला सुरुवात केली. मला खास बोलावून घेतलं होतं. उशाशी त्यांची बायको चांगुणाकाकू संत्र्याच्या फोडी सोलत बसल्या होत्या. मला पाहताच उठल्या आणि माझे दोन्ही हात आपल्या कपाळाला लावले. "भाऊ, तुम्ही नजर ठेवलीत म्हणून हा माणूस परत आला." मला हात सोडवूनही घेता येईनात.

दाराशी चौकशीचे साहेब फाइल घेऊन उभे होते. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, काकांना वास येत नाही, परत येईल असं वाटत नाही. आणि भोंग्याच्या अर्धा तास आधीपासूनचं काही आठवत नाही, तेही परत यायचं नाही.

"जयवंता," काका म्हणाले. आवाज पार बसलेला. "हे म्हणतात माझं कार्ड पांढरं होतं."

"हो काका."

"म्हणजे मी फळ्यापाशी आलो? कार्ड फिरवलं? आणि परत गेलो?"

साहेबांनी पेन उघडलं.

"असं मी करीन का रे? मला काय आठवत नाय. डोक्यात तिथं नुसतं धुकं हाय. तू होतास. मी फिरवलं काय?"

काकूंच्या हातातली फोड तशीच राहिली. मी त्या पेनाकडं पाहिलं.

"हो काका. तुम्हीच फिरवलंत."

त्यांनी डोळे मिटले. "बरं," एवढंच म्हणाले.

चौकशीत लिहिलं गेलं की राघो तांडेल यांनी हजेरी लावून, कुणालाही न सांगता पुन्हा धोक्याच्या जागी जाऊन नियम मोडला. व्हॉल्व बंद करून रिग वाचवली म्हणून त्यांना काढलं नाही, पण समुद्रावर जाणं बंद झालं. किनाऱ्यावरच्या स्टोअरमध्ये बसवलं. तिथं हातमोज्यांचे जोड मोजून झाले की ते शिपायाला परत मोजायला लावतात, असं कानावर यायचं. मी कायम झालो. दक्षतेबद्दल मला एक प्रमाणपत्रही मिळालं. बायकोनं ते फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं. आमच्या घरात बसायची माझी जागा त्याच्याकडं पाठ करून आहे.

एकवीस वर्षं मी डहाणूकडं फिरकलो नाही. दिवाळीला फोन करायचो, तोही काकू उचलतील अशा वेळी. गेल्या कार्तिकात मात्र काकूंचाच फोन आला. "भाऊ, एकदा येऊन जा. ते तुमचंच नाव काढतात."

गेलो. स्टेशनवरून रिक्षात असतानाच वेधशाळेचा इशारा ऐकला, खोल समुद्रात वादळ उठलं होतं, होड्यांना परत फिरायला सांगितलं होतं. वाडीत शिरलो तर बायका वलांड्यांवरचे अर्धे वाळलेले बोंबील भराभर उतरवत होत्या. वास सगळीकडं भरलेला. त्या वासात काका ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. केस पांढरे झालेले, उजवा खांदा आणखी खाली आलेला.

मी वाकलो तसा त्यांनी माझ्या गालावरून बोटांची पाठ फिरवली. "खरखरतंय," म्हणाले. "आता तुला कोण तपासतं?"

"आता मीच सगळ्यांना तपासतो, काका. तुमच्या खुर्चीवर आहे."

"बरं झालं. वास कसा येतोय रे आज? आंबूस की खारट?"

"खारट."

"म्हणजे मीठ बरोबर हाय." त्यांनी समाधानानं मान हलवली.

आत काकू चहा गाळत होत्या. काका उठले, आत गेले, गॅसचं बटण हातानं चाचपून आले. बसले. पुन्हा उठले. तिसऱ्यांदा उठले तेव्हा काकू आतून म्हणाल्या, "अहो, बंद हाय! मी केला!" आणि चहा घेऊन येत हळूच मला म्हणाल्या, "दवाखान्यातनं आल्यापास्नं असंच. कडी लावतात, परत बघतात. नात कडेवर असली तरी विचारतात, पोरगी कुठं ठेवली मी? स्वतःच्या हाताला भितात."

तेवढ्यात मच्छीमार सोसायटीचे चेअरमन मोटरसायकलवरून आले. अंगावर रेनकोट, हातात एक वही. "काका, या आता. एक्केचाळीस होड्या बाहेर आहेत. धक्क्यावर बसा, होडी आली की वहीत खूण करा. अख्ख्या वाडीत होडी चालीवरून ओळखणारा तुमच्याशिवाय आहे कोण?"

"माझ्यावर नको."

"दर वेळी हेच. पोरं मोबाइलमध्ये बघत मोजतात. मागच्या वर्षी एकीच्या दोनदा खुणा झाल्या आणि एक राहिली. सापडली म्हणून नशीब."

"ज्याला स्वतःचं कार्ड सांभाळता आलं नाय, त्यानं दुसऱ्याची होडी मोजायची नसते," काका म्हणाले. रागानं नव्हे, पत्ता सांगावा तसं.

चेअरमननं माझ्याकडं पाहिलं, मग वही ओट्यावर ठेवली. "अर्ध्या तासानं येतो. बघा मन झालं तर." मोटरसायकल गेली. वारा वहीची पानं उलटायला लागला. समोर खाडीच्या तोंडाशी पहिली होडी दिसत होती. काकांची नजर तिच्यावर गेली, ओठ हलले आणि त्यांनी मान दुसरीकडं वळवली.

"तुला एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "म्हणून हिला फोन करायला लावला. आता किती दिवस राहिलेत कुणास ठाऊक."

"विचारा."

"माझं नाक गेलं, त्याचं काय नाय. नोकरी तशी जाणारच होती. पण जयवंता, मी जन्मात दुसऱ्याला कार्ड फिरवू दिलं नाय, आणि त्या दिवशी स्वतःच खोटी हजेरी लावून मागं गेलो. माझ्याच हातानं. असा कसा फसलो? एकवीस वर्षं रोज शोधतोय. वाटतं, तो एक क्षण दिसला तर कळेल, मी कोण माणूस हाय." त्यांनी खुर्ची माझ्याकडं ओढली. "तू तिथं होतास. एवढंच सांग. फिरवताना माझं तोंड कसं होतं? घाईत होतो? हसत होतो? तुला काय बोललो?"

काकू दारात उभ्या होत्या. खाडीत दुसरी होडी शिरली. तिसरी. ओट्यावर वही फडफडत होती आणि खूण करायला कुणी नव्हतं.

माझ्या तोंडावर मास्क नव्हता. तरी मी हात वर नेला, काहीतरी उचलायचं असल्यासारखा.

"काका, तुमचं तोंड मी पाहिलं नाही. तुम्ही फळ्यापाशी आलाच नव्हतात. तुम्ही व्हॉल्व बंद करत होता, सांगितलं होतंत तसंच. तुमचं कार्ड मी फिरवलं. नेने 'सगळे हजर' म्हणाले तेव्हा मला ठाऊक होतं, आणि मी सात मिनिटं गप्प बसलो."